ऑफ-रोड गाडीचा क्लच डोंगराआधी दादर-परळच्या ट्रॅफिकमध्येच का झिजतो? तो संपलाय हे कसं ओळखायचं?

गाडी फोर बाय फोर. टायर जाडजूड, मागे स्टेपनी लटकलेली, बोनेटवर डोंगराचा स्टिकर. पण दादरच्या टिळक पुलाच्या चढावर सिग्नल सुटतो तेव्हा इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी मात्र रेंगाळत पुढे सरकते. केबिनमध्ये जळका वास येतो आणि मागून हॉर्न सुरू होतात.

अशा वेळी 'क्लच गेला' हे निदान शेजारच्या टॅक्सीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत कुणीही करून टाकतो. ते बरोबर असू शकतं. पण फोर बाय फोर गाडीत क्लच बदलणं हे छोट्या हॅचबॅकसारखं काम नाही. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स असं सगळं खाली उतरवावं लागतं. निदान चुकलं तर पूर्ण दिवस आणि मोठी रक्कम जाते, वर मूळ दुखणं तसंच राहतं.

उलट चूकही तितकीच महागात पडते. खरोखर संपलेला क्लच घेऊन कुणी पावसाळ्यात माळशेज किंवा वरंध घाटात गेलं, तर मधल्या वळणावर गाडी थांबते आणि पुढे चढतच नाही.

म्हणून गॅरेजमध्ये जाण्याआधी क्लच संपला म्हणजे काय होतं, ते घरच्या घरी कसं ओळखायचं आणि मिस्त्री नक्की काय काय करतो, हे समजून घेऊया.

मुंबई आणि जीपचं नातं जुनं आहे

भारतात जीप रस्त्यावर आली ती मुंबईतूनच. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली, १९४८ मध्ये तिचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच कंपनीने परदेशातून सुटे भाग आणून माझगावात विलिस जीपची जुळणी सुरू केली. लालबागपासून माझगाव हाकेच्या अंतरावर आहे.

त्याच जीपच्या वंशातली थार २०१० मध्ये आली. नव्या रूपातली थार २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे कंपनीच्या ७५व्या वर्धापनदिनी बाजारात उतरली आणि पाच दरवाजांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याआधी अनेक वर्षं मारुती जिप्सीचा जमाना होता, २०२३ मध्ये जिम्नी आली.

यातल्या ऑटोमॅटिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो, तिथे पायाने दाबायचा क्लचच नाही. या लेखातली माहिती मॅन्युअल गिअरच्या गाड्यांसाठी आहे.

क्लच नेमकं काय करतो?

इंजिन सुरू असताना सतत फिरत असतं. चाकं मात्र कधी थांबतात, कधी हळू फिरतात, कधी जोरात. या दोघांची गाठ हवी तेव्हा बांधायची आणि हवी तेव्हा सोडायची, हे क्लचचं काम.

त्यात मुख्य भाग चार. इंजिनला जोडलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली आणि दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असलेली तबकडी म्हणजे क्लच प्लेट. या प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी स्प्रिंगवाली प्रेशर प्लेट. आणि आपण पेडल दाबलं की त्या स्प्रिंगला ढकलून पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग.

पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर प्लेट मोकळी. पेडल पूर्ण सोडलेलं असेल तर प्लेट घट्ट. या दोन्ही स्थितींत अस्तर जवळपास झिजत नाही. झिजतं ते मधल्या स्थितीत, जिथे फ्लायव्हील वेगाने फिरतंय, प्लेट हळू फिरतेय आणि दोन्ही एकमेकांवर घासतायत. यालाच आपण 'हाफ क्लच' म्हणतो.

चढावर हाफ क्लच धरला तर किती उष्णता तयार होते?

एक ढोबळ हिशोब करून पाहू. माणसांसह गाडीचं वजन १,८०० किलो. चढ दहाला एक, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. ब्रेक न लावता, पहिल्या गिअरमध्ये, नुसत्या हाफ क्लचवर गाडी जागेवर धरली आणि इंजिन मिनिटाला १,००० फेरे फिरतंय.

अशा वेळी इंजिन जेवढी शक्ती क्लचला देतं, ती सगळी उष्णता होते. ती साधारण ५ किलोवॅटच्या आसपास भरते. घरातला एक गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या तबकडीत दोन-अडीच गीझर सुरू आहेत असं समजा. सिग्नलला अर्धा-एक मिनिट असं उभं राहिलं की जळका वास येणारच.

ऑफ-रोडवर याला एक उपाय असतो. लो रेंज, म्हणजे गिअर लिव्हरशेजारी असलेल्या दुसऱ्या दांडीवरचं '४एल'. त्यात चाकांपर्यंत पोहोचणारा जोर दोन ते अडीच पट होतो, त्यामुळे तेवढंच काम करताना क्लचवरचा भार त्याच प्रमाणात कमी होतो. जाणकार चालक खडकाळ चढावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये पाय क्लचवरून पूर्ण काढतात आणि गाडीला आपसूक चढू देतात.

शहरात हा उपाय चालत नाही. अशा गाड्यांची फोर बाय फोर यंत्रणा बहुतेक 'पार्ट टाइम' असते. ती कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून वळणं घेतली की पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक कुठेच जिरत नाही आणि ट्रान्सफर केस, ॲक्सलवर ताण येतो.

म्हणजे डोंगरासाठी बांधलेली गाडी शहरात नेहमीच्या उंच गिअरवर, जड टायर घेऊन, बंपर टू बंपर चालते. त्यात एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला आणि परळ-प्रभादेवीची बरीच वाहतूक टिळक पूल आणि करी रोडच्या पुलाकडे वळली. दोन्हीकडे चढ, दोन्हीकडे रांग. गणपतीच्या आगमनाच्या दिवशी लालबागमध्ये गाडी अडकली तर तासभर हाफ क्लचवरच सरकावं लागतं. गिरगावातून केम्प्स कॉर्नरमार्गे मलबार हिलवर जाणाऱ्यांची कथाही वेगळी नाही.

मोठे टायर लावले असतील तर भार आणखी वाढतो. टायरचा व्यास १० टक्के वाढला की गाडी हलवायला क्लचमधून साधारण तेवढाच जास्त जोर द्यावा लागतो.

हिंदमाताचं पाणी आणि क्लच

दुसरं मुंबईकर कारण पाण्याचं. नव्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. त्यामुळे हिंदमाताला पाणी भरलं की 'आपली गाडी जाईल' असा विश्वास असतो. गाडी जातेही. पण पाणी सायलेन्सरमध्ये शिरू नये म्हणून बरेच जण ॲक्सिलरेटर दाबून ठेवतात आणि वेग हाफ क्लचने आवरतात. इंजिन वाचतं, क्लच भाजतो. पाण्यात जाण्याआधीच पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण सोडून, एका संथ वेगाने पार होणं जास्त चांगलं.

शिवाय क्लचची घंटेच्या आकाराची पेटी, म्हणजे बेल हाउसिंग, पूर्णपणे पाणीबंद नसते. गढूळ पाणी आत गेलं तर बारीक माती अस्तराला घासते. त्यानंतर गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटूही शकते. मग पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. अशा वेळी लगेच नवा क्लच घ्यायची घाई नको. अनेकदा चिकटलेली प्लेट सुटते आणि पुढे नीट चालते. मात्र ती सोडवायचं काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

क्लच संपला की नाही: पाच खुणा

१. आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. सगळ्यात भरवशाची खूण हीच. पहाटे ईस्टर्न फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा काटा एकदम वर उडाला आणि वेग मागेच राहिला तर क्लच घसरतोय. ही चाचणी एक-दोनदाच करा, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते.

२. क्लच अगदी वर उचलतो. पूर्वी अर्ध्यावर उचलणारं पेडल आता शेवटच्या इंचाला उचलतंय आणि जडही लागतंय? अस्तर पातळ झालं की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बैठक बदलते, म्हणून पेडल जड होतं. केबलचा क्लच असेल तर आधी केबलचं ॲडजस्टमेंट तपासा. पेडलला थोडंही 'फ्री प्ले' उरलं नसेल तर चांगला क्लचही घसरू शकतो.

३. हँडब्रेकची चाचणी. सपाट जागा, चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळा, समोर कुणीही नाही. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडतं. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन आरामात चालू राहिलं तर क्लच घसरतोय. लगेच पेडल पुन्हा दाबा.

४. उचलताना गाडी थरथरते. याचा अर्थ प्लेट संपलीच असं नाही. अस्तरावर ऑइल आलं असेल, फ्लायव्हीलवर जळके डाग पडले असतील किंवा इंजिनाची माउंटिंग बसली असतील, तरीही गाडी थरथरते. माउंटिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, म्हणून ती आधी तपासायला सांगा.

५. आवाज कधी येतो? पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. ही माहिती मिस्त्रीला नेमकी सांगितली तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

एकदाच आलेला जळका वास म्हणजे क्लच संपला असं नाही. थोडा वेळ गाडी थांबवा, थंड होऊ द्या. नंतर पहिली चाचणी नीट पार पडली तर सांभाळून चालवत राहता येतं.

क्लच नसून दुसरंच काही असेल तर?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. सूत्र लक्षात ठेवा. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर दुखणं क्लचकडे. आरपीएम आणि वेग दोन्ही वाढत नाहीत, तर दुखणं इंजिनाकडे. टर्बोचा पाइप फुटलेला, एअर फिल्टर चोंदलेला, डिझेल फिल्टर घाण झालेला, असं काहीही असू शकतं. गाडीत 'पिकअप नाही' या तक्रारीवर थेट क्लच बदलायला कुणी सांगितलं तर हा प्रश्न जरूर विचारा.

गिअर पडताना, विशेषतः रिव्हर्स टाकताना, करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. त्याचं कारण बऱ्याचदा हायड्रॉलिकमध्ये असतं. मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळतोय, किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय. अनेक गाड्यांमध्ये क्लच आणि ब्रेकच्या ऑइलची डबी एकच असते. त्यामुळे पातळी खाली गेलेली दिसली तर ते नुसतं क्लचचं प्रकरण समजू नका, ब्रेकही लगेच तपासा.

फोर बाय फोरमध्ये आणखी एक चकवा आहे. ट्रान्सफर केसची दांडी अर्धवट बसली किंवा न्यूट्रलमध्ये राहिली, तर गिअर टाकून क्लच सोडला तरी गाडी हलतच नाही. 'क्लच पूर्ण गेला' म्हणून टोइंग मागवण्याआधी ती दांडी एकदा नीट बसवून पाहा.

गॅरेजमध्ये नेमकं काय होतं?

खरोखर बदलायचीच वेळ आली तर काम साधारण या क्रमाने चालतं.

आधी बॅटरी काढतात. गाडी लिफ्टवर चढवतात किंवा खड्ड्यावर उभी करतात. पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट खोलतात. खोलण्याआधी जोडांवर खुणा करायला हव्यात. शाफ्ट फिरवून उलटे बसले तर नंतर गाडीला नवीच थरथर लागते आणि दोष नव्या क्लचवर जातो.

मग गिअर आणि ट्रान्सफर केसच्या दांड्या, वायरींचे सॉकेट, स्टार्टर, स्लेव्ह सिलिंडर आणि गिअरबॉक्सखालचा आडवा क्रॉस मेंबर निघतो. इंजिनाला खालून टेकू देतात. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून बरंच वजन होतं, म्हणून ते खास जॅकवर घेऊन सरळ मागे सरकवतात. जॅक नसताना हाताने पेलण्याच्या प्रयत्नात माणूस खाली सापडू शकतो. शिवाय सगळा भार इनपुट शाफ्टवर लटकला तर प्लेटचा मधला भाग वाकतो.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून पूर्ण न खोलता समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करतात. बसवताना हाच क्रम उलटा, आणि शेवटी टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाइतकं घट्ट. नवी प्लेट मधोमध यावी म्हणून अलाइनमेंट टूल वापरतात. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, ते बहुतेक वेळा तिच्यावरच लिहिलेलं असतं.

जुनी प्लेट हातात आली की ग्राहकाने एक गोष्ट स्वतः पाहावी. अस्तर रिव्हेटने बसवलेलं असतं. रिव्हेटच्या डोक्यापासून अस्तराची उंची किती उरलीय? बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.३ मिलिमीटर असते. डोकी अस्तराच्या बरोबरीला आली असतील तर प्लेट वेळेवरच काढली असं समजा. अस्तर चांगलं जाड असेल तर घसरण्याचं कारण दुसरीकडे होतं.

प्लेट ऑइलने ओली असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. ते न बदलता नवी प्लेट टाकली तर काही दिवसांत तीही ओली होणार.

एक मुद्दा मिस्त्रीच्या तब्येतीचा. जुन्या जीपच्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुप्फुसात गेली तर अनेक वर्षांनी जीवघेणे आजार होऊ शकतात. म्हणून बेल हाउसिंग कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसावं आणि मास्क लावावा. नव्या गाडीतही हीच सवय बरी.

एकदा उतरवलंच आहे, तर काय काय बदलायचं?

या कामात मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलतात. फ्लायव्हीलच्या मध्यभागी पायलट बेअरिंग असेल तर तेही बदलून टाकावं. फक्त प्लेट बदलून वाचवलेले पैसे बेअरिंग बोलू लागलं की दुप्पट जातात.

फ्लायव्हील साधं असेल आणि त्यावर चरे किंवा निळसर डाग असतील, तर लेथवर घासून सपाट करता येतं. पण अनेक आधुनिक डिझेल गाड्यांमध्ये 'ड्युअल मास' फ्लायव्हील असतं, आत स्प्रिंगा असलेलं दोन थरांचं. ते साध्या फ्लायव्हीलसारखं लेथवर घासायचं नसतं. ते तपासायचं आणि खराब असेल तर बदलायचं. बिलाचा आकडा यानेच सगळ्यात जास्त वाढतो, म्हणून आपल्या गाडीत कोणतं फ्लायव्हील आहे हे चेसिस नंबर देऊन आधीच विचारून ठेवा.

सुट्या भागांसाठी गिरगावला लागून असलेला ऑपेरा हाऊसचा परिसर जुना आणि ओळखीचा आहे. व्हॅलिओ, लूक, एक्सेडी, सॅक्स ही क्लचमधली नावाजलेली नावं. खोक्यावर एमआरपी, पार्ट नंबर आणि सील नीट पाहा आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. कुणी अजूनही २८ टक्के लावत असेल तर विचारायला हवं.

काम देण्याआधी विचारायचे प्रश्न

- क्लच घसरतोय हे माझ्यासमोर गाडी चालवून दाखवाल का?
- अंदाजपत्रकात भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिली आहे का?
- सील, पायलट बेअरिंग आणि फ्लायव्हीलचं काम त्यात धरलं आहे का?
- जुने भाग मला परत मिळतील का?
- कामावर किती दिवसांची किंवा किलोमीटरची हमी आहे?

क्लच हा झिजणारा भाग धरला जातो. त्यामुळे कंपनीची वॉरंटी सहसा त्याला लागू होत नाही किंवा अगदी थोड्या काळापुरती असते. गाडीच्या नेहमीच्या विम्यातही झीज वगळलेली असते. बिलावरून किंवा कामावरून वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पक्कं बिल आणि जुने भाग हाच पुरावा.

नवा क्लच जास्त दिवस कसा टिकेल?

पहिले काहीशे किलोमीटर नव्या अस्तराला बसायला द्या. या काळात ओढून नेणं, भरधाव सुटणं, चिखलात अडकलेली गाडी जोर लावून काढणं टाळा.

त्यानंतरही सवयी सोप्याच आहेत. चढावर गाडी हँडब्रेकवर धरा, क्लचवर नाही. मोठ्या सिग्नलला न्यूट्रल करा. चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका, त्याच्या बाजूला ठेवा. रांगेत प्रत्येक वेळी दोन फूट सरकण्याऐवजी पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग क्लच पूर्ण सोडून एकदाच पुढे जा. वाळूत किंवा चिखलात चाक रुतलं तर लो रेंज लावा. तरीही हललं नाही तर फावडं आणि दोर काढा. क्लच जाळून रुतलेली गाडी निघत नाही, उलट बाहेर काढल्यावर घरी न्यायलाही क्लच उरत नाही.

आणि पुढच्या वेळी घाटाचा बेत ठरला की आदल्या आठवड्यात ती चौथ्या गिअरची चाचणी एकदा करून घ्या. काटा उडाला तर सहल पुढे ढकलता येते. लालबागमध्ये बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला चार माणसं लगेच धावून येतात. माळशेजच्या धुक्यात मात्र टोइंगवाल्याची वाट पाहत बसावं लागतं.